उशिरां कळलेलें नांव

सांगलीच्या हळदीच्या पेठेंत एका अडतदुकानीं हिशेबनीस असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण ते एक नसून पुष्कळ आहेत, आणि त्या पुष्कळांच्या हकीकती एकत्र करून हे एक गृहस्थ ह्या भाषणापुरते उभे केले आहेत. वय सेहेचाळीस. जन्म व शिक्षण साताऱ्यास, यादोगोपाळ पेठेंत, नोकरी सांगलीस. हिशेबांत पैशाची चूक सांपडावयाची नाहीं. परंतु सौद्याचा गलबला सुरू झाला कीं हे उठून मागच्या वखारींत जाऊन उभे राहतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यास डोळा देत नाहींत. शेटजी थट्टेनें म्हणाले, "आतां दुकान विकून काशीस जावें म्हणतों," तर हे तें खरेंच धरून दोन दिवस नीट जेवत नाहींत. वरातींत बँड वाजूं लागला कीं घरचें कार्य असलें तरी मांडवांतून नाहींसे होतात. गांवानें त्यांना तीन नांवें ठेविलीं : घुमा, विक्षिप्त आणि गर्विष्ठ. चौथें नांव सेहेचाळिसाव्या वर्षीं एका डॉक्टरांनीं दिलें. तें म्हणजे स्वमग्नता. इंग्रजीवरून ज्यास सर्वत्र ऑटिझम म्हणतात.

हे गृहस्थ स्वतःसाठीं डॉक्टरांकडे गेलेच नव्हते. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा शाळेंत कोणाशीं बोलेना, एकच वाक्य घोकीत बसे, म्हणून त्याला सरकारी रुग्णालयांत नेलें होतें. बाळपणाची हकीकत सांगण्यास आजीबाईंना साताऱ्याहून मुद्दाम आणविलें. डॉक्टर एकेक गोष्ट विचारूं लागले : चवड्यांवर चालतो का, खेळणीं ओळीनें मांडतो का, नेहमींचा रस्ता बदलला तर आकांत करतो का. आजीबाईंनीं कांहीं वेळ ऐकून घेतलें आणि मग त्या म्हणाल्या, "अहो डॉक्टरसाहेब, ह्यांत रोग कसला? ह्याचा बापही अगदीं अस्साच होता. आगगाडीच्या स्टेशनांचीं नांवें दिवसभर म्हणायचा. कोरेगांव, रहिमतपूर, तारगांव, मसूर! एक चुकलें कीं पुन्हां साताऱ्यापासून." डॉक्टरांनीं लेखणी खालीं ठेविली आणि मुलाकडे पाहण्याचें सोडून बापाकडे पाहिलें.

प्रौढ माणसाच्या स्वमग्नतेचें निदान पुष्कळदां असेंच मुलाच्या पाठोपाठ घरांत येतें. ही घडण मेंदूच्या वाढींतच असते, जन्मापासून असते, आणि तींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे. ती चाळिशींत जडत नाहीं. चाळिशींत फक्त ओळखूं येते.

मग इतकीं वर्षें ती कोणास ओळखूं कां आली नाहीं, असा प्रश्न येतो. स्वित्झर्लंडांतील मानसरोगवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हा शब्द घडविला आणि १९११ च्या आपल्या ग्रंथांत तो वापरला. पण तो निराळ्या आजाराच्या एका लक्षणासाठीं. आज ज्या अर्थानें तो शब्द चालतो त्याचा पाया अमेरिकेंत बाल्टिमोर येथें लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन करून घातला. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नांत हान्स आस्पेर्गर यांनीं तशाच, पण बोलक्या मुलांविषयीं लिहिलें. कॅनर यांचें लिखाण जगभर गेलें. आस्पेर्गर यांचें लिखाण इंग्रजी वाचकांपुढें लोर्ना विंग यांनीं आणलें तें १९८१ सालीं. म्हणजे बोलतां येणारें, गणित येणारें, पहिल्या पांचांत बसणारें मूलही स्वमग्न असूं शकतें, ही गोष्ट जगालाच उशिरां कळली. आपल्या देशांतील १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. ती प्रथम आली १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत, आणि नंतर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यांत एकवीस प्रकारांपैकीं एक म्हणून. आपले गृहस्थ साताऱ्यास शाळेंत होते तीं वर्षें १९८५ ते १९९५ च्या आसपासचीं. तेव्हां हा शब्द तालुक्याच्या मास्तरांस कोठून ठाऊक असणार?

तरी मास्तरांस अगदींच मोकळें सोडतां येत नाहीं. त्या मुलास पाढे आले कीं त्याला पुढें उभें करून वाहवा करावयाची, आणि तोच मुलगा बोलतांना खालीं पाहतो म्हणून त्याच दिवशीं त्याला छडी द्यावयाची, ही रीत पुष्कळ वर्गांतून चालली. डोळ्यांत पाहणें म्हणजे प्रामाणिकपणा, असें समजणाऱ्या मास्तरांपैकीं कोणीं त्याला एकदां तरी विचारावयास हवें होतें कीं बाळ, खालीं कां पाहतोस. कदाचित् उत्तर आलें असतें : वर पाहिलें तर ऐकूं येत नाहीं. प्रौढपणीं निदान झालेलीं माणसें हेंच उत्तर देतात.

'स्वमग्नता' हा शब्दही थोडा फसविणारा आहे. मग्न म्हटलें कीं एकादा योगी समाधि लावून सुखांत बसला आहे असें चित्र उभें राहतें. वास्तविक ह्या माणसांपैकीं पुष्कळांना बाहेरचें जग कमी नव्हे, जास्त ऐकूं येतें. नळीच्या दिव्याची गुणगुण, शेजारच्या घरांत आपटलेलें भांडें, नव्या कापडाचा खरखरीतपणा, हें सारें एकदम येऊन आदळतें. माणसांच्या बोलण्यांतला न बोललेला भाग मात्र हातीं लागत नाहीं. स्टेशनांचीं नांवें पाठ असणें हें कांहीं लक्षणाचें मर्म नव्हे. तशी स्मरणशक्ति नसलेलीं स्वमग्न माणसें पुष्कळ आहेत, आणि तशी चमत्कृति दाखविण्याची अपेक्षा त्यांच्यावर लादणें हाही एक छळच.

नांव मिळाल्यावर पहिले आठ दिवस ह्या गृहस्थांना हलकें वाटलें. आपण दुष्ट नाहीं, गर्विष्ठ नाहीं, हें कोणीतरी कागदावर लिहून दिलें होतें. नवव्या दिवसापासून दुःख सुरू झालें. सोडलेली पहिली नोकरी, तुटलेला एकुलता मित्र, वडिलांच्या अखेरच्या आजारांत रुग्णालयाच्या उग्र वासानें व आवाजानें जवळ बसतां आलें नाहीं तें, सर्व हिशेब पुन्हां उघडले गेले. उशिरां झालेल्या निदानांत ही दुसरी पायरी बहुतेकांस चुकत नाहीं, आणि पाठबळाची खरी गरज तेथें लागते. मुलासाठीं रुग्णालयांत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र होतें. तें ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं चालतें तो २०१३ सालीं महाराष्ट्रांतच, पालघरला, सुरू झाला. परंतु त्याची मर्यादा अठरा वर्षांची. मुलाला खिडकी मिळाली; बापाला त्या खिडकीवर, "तुमच्यासाठीं येथें कांहीं नाहीं हो," असें सौजन्यानें सांगण्यांत आलें.

मग कोठें जावें? साताऱ्याचें क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचें पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशा सार्वजनिक ठिकाणीं मानसरोगविभागांत आरंभ करावा. निदान एका बैठकींत होत नाहीं आणि रक्ताच्या तपासणीनें तर होतच नाहीं. माणसाचें आजचें वागणें आणि लहानपण, दोन्ही तपासावीं लागतात. आजचें वागणें माणूस स्वतः सांगूं शकतो, लहानपण सांगणारे मात्र दिवसेंदिवस कमी होत जातात. म्हणून ज्यांना आपल्याविषयीं शंका आहे त्यांनीं आई, आत्या, मोठी बहीण हयात आहेत तोंच त्यांना बरोबर न्यावें. जुनीं प्रगतिपुस्तकें ट्रंकेच्या तळाशीं असतील तर तींही काढावीं. एका शेऱ्यांत कधीं कधीं सबंध बालपण असतें.

कोणास सरकारी प्रमाणपत्र हवें असेल तर त्यासाठीं भारतीय स्वमग्नता मापनपट्टी आहे. तींत चाळीस कलमें असून प्रत्येकास एक ते पांच गुण देतात. बेरीज सत्तरच्या खालीं आली तर स्वमग्नता नाहीं असें धरतात. ही पट्टी मुख्यतः मुलें व तरुण डोळ्यांपुढें ठेवून केलेली आहे. चाळीस वर्षें स्वतःस झांकण्याचा सराव झालेला माणूस तींत पुरता उतरेलच असें नाहीं. कायद्यांतील बहुतेक सवलती शेंकडा चाळीस किंवा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास लागू होतात. सरकारी नोकऱ्यांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार इत्यादि मिळून शेंकडा एक जागा राखीव आहे. जो आधींच सरकारी नोकरींत आहे त्याला कामाच्या जागीं वाजवी सोय मिळावी, असें २०१६ च्या कायद्याचें विसावें कलम सांगतें. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेंत वर्षास एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. याच न्यासाच्या कायद्याखालीं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेची समिति पालक नेमून देते. पण जो आपला संसार व हिशेब स्वतः पाहतो त्यानें त्या वाटेस जाण्याचें कारण नाहीं. नातलगांनीं भीतीपोटीं त्याला तिकडे ओढूं नये.

आणखी एका वाटेपासून सावध राहावयास पाहिजे. नांव कळतांच तें पुसून देणारेही भेटूं लागतात. कोणी गोळ्या, कोणी मंत्र, कोणी मूलपेशींचीं महागडीं टोंचणीं. स्वमग्नता काढून टाकणारें औषध नाहीं. झोंप, चिंता, उदासीनता यांवर औषधें आहेत व तीं घेण्यांत कमीपणा नाहीं. मूलपेशींच्या उपचाराची स्वमग्नतेसाठीं शिफारस करतां येत नाहीं, असें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. शेत विकून तसल्या दारांत उभें राहण्यापेक्षां रात्रीं जीव घाबरा झाल्यास टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींत बोलावें. तेथें पैसे पडत नाहींत.

आजीबाईंस मात्र वेगळीच टोंचणी लागली. मुलाच्या बाबतींत त्या धिटाईनें बोलल्या, पण स्वतःच्या लेकाचें नांव निघाल्यावर साताऱ्यास परततांना गाडींत त्यांनीं सुनेस हळूच विचारलें, "लहानपणीं मी त्याला फार मारलें, त्यानें तर झालें नसेल?" ही शंका एका म्हातारीची नव्हे. अमेरिकेंत पुष्कळ वर्षें मोठमोठे विद्वान् हेंच म्हणत होते कीं आईच्या थंडपणामुळें मूल स्वमग्न होतें. बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीं ग्रंथ लिहून तें मत खोडलें. आणि १९६९ सालीं खुद्द कॅनर यांनीं पालकांच्या सभेंत उभें राहून आईबापांस त्या आरोपांतून मुक्त केलें. ही वार्ता यादोगोपाळ पेठेंत पोंचावयास अर्धशतक लागलें, पण पोंचली हें बरें झालें. आजीबाईंना ती दोनदां सांगावी लागली.

खरी कसोटी घरांत, पत्नीपाशीं होती. निदानाचा कागद वाचून त्या बाईंनीं तो घडी घालून ठेविला. रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर म्हणाल्या, "सोळा वर्षें मी समजत होतें, तुम्हांला माझें कांहीं वाटतच नाहीं. माझे वडील गेले त्या दिवशीं तुम्ही पंचांग काढून गाडीची वेळ पाहत बसलांत." गृहस्थ म्हणाले, "तुला लवकर पोंचवायचें होतें. दुसरें काय करावें तें मला कळेना." इतकेंच बोलणें झालें. पण तें सोळा वर्षांत झालें नव्हतें.

पुढें त्या दोघांनीं मिळून जें केलें तें कोणत्याही केंद्रांत मिळालें नसतें. मिक्सर लावण्यापूर्वीं बाई सांगतात. रविवारीं पाहुणे येणार असतील तर किती जण, किती वाजतां आणि किती वेळ हें शुक्रवारींच ठरतें. चष्म्याचें घर मेजावर पालथें दिसलें कीं समजावयाचें, हे रागावलेले नाहींत, थकले आहेत. उलट बाजूनेंही कांहीं ठरलें. बाईंना नुसतें ऐकून घेणारें माणूस हवें असतें तेव्हां त्या तसें शब्दांनीं सांगतात. मग हे उपाय सुचवीत नाहींत, ऐकतात. मनांतलें ओळखावें ही संसाराची जुनी अट त्यांनीं मोडली, आणि संसार मोडला नाहीं.

दुकानांत त्यांनीं नांव सांगितलें नाहीं. लहान अडतींत कायद्याचा धाक कितीसा असणार, आणि "डोक्याचा आजार" हा शब्द एकदां पेठेंत फिरला कीं मुलाच्या शाळेपर्यंत जातो. "गलबल्यांत माझी बेरीज चुकते, मेज मागें हलवा," एवढेंच ते म्हणाले. शेटजींनीं मेज हलविलें. वर, कामें तोंडी न सांगतां चिठ्ठीवर लिहून देण्याचेंही कबूल केलें. ही भीरुता आहे असें कोणी म्हणेल. परंतु नांव कोणास किती सांगावें हा हक्क ज्याचें नांव त्याचा. धीट होण्याचा सल्ला देणाऱ्याची नोकरी पणास लागलेली नसते.

बायकांची गोष्ट तर ह्याहून झांकलेली. मुलगी घुमी असली तर तिला शालीन म्हणतात. दृष्टि खालीं असली तर वळण चांगलें म्हणतात. सांगलीजवळ हरिपुरास हळद साठविण्याचीं पेंवें होतीं. तोंड लिंपून टाकलें कीं वरून सपाट जमीन दिसावयाची. तशा ह्या मुली इतर मुलींचें हसणें, बोलणें पाहून पाहून पाठ करतात व चारचौघींसारख्या दिसतात. मग लग्न होऊन मोठ्या कुटुंबांत पडल्या, दिवसभर माणसें आणि एकही बंद दार नाहीं अशी स्थिति आली, कीं एक दिवस सर्व ढासळतें आणि त्यांना हट्टी, भ्रमिष्ट किंवा अंगांत आलेली ठरवितात. स्त्रियांचें निदान पुरुषांपेक्षां उशिरां होतें व चुकीच्या नांवानें अधिक वेळां होतें. अशी एकादी सून साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या वाड्यांत असेल तर तिला प्रथम औषध नव्हे, आंतून कडी लावतां येईल अशी एक खोली आणि तासभर वेळ पाहिजे.

घर आणि दुकान ह्यांखेरीज तिसरें पाठबळ म्हणजे आपल्यासारखीं माणसें. मुलांच्या कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केला. आठ आठ माणसांच्या सांखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. सर्व स्वमग्न असलेल्या सांखळींत गोष्ट जितकी टिकली तितकीच सर्व इतर माणसांच्या सांखळींत टिकली. मिश्र सांखळींत ती अधिक गळली. २०२५ सालीं अधिक माणसें घेऊन केलेल्या प्रयोगांत मिश्र सांखळीही तितकीच चालली. मात्र स्वमग्न माणसें आपसांत कमी पडलीं नाहींत, हें दोन्ही वेळां दिसलें. हे गृहस्थ आतां महिन्यांतून एकदां मोबाईलच्या पडद्यावर अशा सहासात जणांस भेटतात. कोणी पुण्याचे, कोणी नागपूरचे. चेहरा दाखविण्याची सक्ति नाहीं. पहिल्या बैठकींत ते एक शब्दही बोलले नाहींत आणि कोणीं त्याबद्दल विचारलेंही नाहीं. त्यामुळें ते दुसऱ्या बैठकीस गेले.

कॅनर यांच्या अकरा मुलांपैकीं पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेंत मिसिसिपी प्रांतांतील फॉरेस्ट ह्या लहान गांवचा, जन्म १९३३ चा. तिसऱ्या वर्षीं त्याला संस्थेंत ठेविलें होतें. आईबापांनीं वर्षभरानें परत आणलें. पुढें कांहीं वर्षें तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजण्याचें वेड होतें. शेतकऱ्यानें त्याला विहीर खणावयास लाविलें आणि खोली मोजून सांगावयास सांगितलें. मक्याच्या ओळी तो पुन्हां पुन्हां मोजी, तेव्हां नांगरतां नांगरतां मोज म्हणून त्याच्या हातीं नांगर दिला. कॅनर १९४५ सालीं तेथें गेले तेव्हां त्या जोडप्याचें शहाणपण पाहून थक्क झाले. डोनाल्ड पुढें पदवीधर झाला, गांवच्या पेढींत अनेक वर्षें नोकरीस होता, गोल्फ खेळला, देशोदेशीं हिंडला, आणि २०२३ सालीं एकोणनव्वदाव्या वर्षीं वारला. पेढी त्याच्याच घराण्याची होती, हें विसरूं नये. सर्वांच्या वांट्यास पेढी येत नाहीं. पण तसा शेतकरी कोरेगांवांत किंवा तासगांवांत असूं नये असें कांहीं नाहीं.

दिवाळींत हे कुटुंब आगगाडीनें साताऱ्याहून सांगलीस परतत होतें. बापलेक खिडकीशीं समोरासमोर बसले होते. एक स्टेशन बापानें म्हणावें, पुढचें मुलानें. डब्यांतले लोक पाहत होते; पूर्वीं बाई अशा वेळीं नवऱ्याचा सदरा ओढीत असत. कऱ्हाड गेलें, शेणोली गेली, बाप भवानीनगर म्हणाला आणि मुलगा एकदम किर्लोस्करवाडी म्हणाला. मग दोघेही थांबले. बाईंनीं डबा उघडतां उघडतां मान वर न करतां म्हटलें, "ताकारी राहिली." मुलानें पुन्हां साताऱ्यापासून सुरुवात केली.